मशेरी लावते का पोर?

गेल्या दिवाळीत फराळाला आलेल्या माझ्या आत्याने लेकीचं हसू पाहिलं आणि हातातली चकली ताटात परत ठेवत विचारलं, "अगं, मशेरी लावते का पोर?"

पोर साडेचार वर्षांची. वरचे पुढचे दोन दात आणि खालच्या दोन दाढा काळ्याकुट्ट, शिसपेन्सिलीने गिरवल्यासारख्या. मी सांगू लागले, की किडीवर औषध लावलंय, त्याने किडलेला भाग काळा पडतो आणि टणक होतो, तसा झाला म्हणजे कीड थांबली. "थांबले म्हणून तुला सांगून गेली का ती?" आत्या म्हणाली. शनिवार पेठेत अठ्ठ्याहत्तर वर्षं काढलेल्या बाईशी वाद घालू नये हे मला ठाऊक आहे. तरी तिच्या प्रश्नाचं उत्तर नीट द्यायला हवं असं तेव्हापासून वाटतंय, कारण तो एकट्या आत्याचा प्रश्न नाही.

आधी त्या काळ्या दातांपर्यंत आम्ही कसे आलो ते सांगते. पहिल्या दवाखान्यात आठ ठिकाणी कीड निघाली. लेक खुर्चीत बसायला तयार नाही, मशीनचा आवाज आला की तोंड गच्च मिटून घेते. तेव्हा एक दिवस भरती करू, पूर्ण भूल देऊ आणि सगळं एकदम उरकून टाकू, असा सल्ला मिळाला आणि सोबत खर्चाचा कागद. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. दात फार दुखत असतील, सूज असेल, मूल अजिबात ऐकत नसेल, तर भूल देऊन काम करणं हा मान्य मार्ग आहे. लेकीला दुखत नव्हतं, सूज नव्हती. माझी तक्रार एवढीच, की दुसराही रस्ता आहे हे आम्हाला तिथे कुणी सांगितलं नाही. तो मैत्रिणीने सुचवलेल्या दुसऱ्या डॉक्टरांकडे कळला. त्यांनी दात पुसून कोरडे केले, बारीक ब्रशने एक द्रव टेकवला, काळे डाग पडतील याची आधीच लेखी संमती घेतली आणि सहा महिन्यांनी यायला सांगितलं. सगळं मिळून दहा मिनिटं. लेकीने फक्त "चव लोखंडासारखी आहे" एवढी तक्रार केली, आणि ती खरी होती.

माझं म्हणणं असं, की लहान मुलांच्या किडीवर मशीन हा शेवटचा उपाय असायला हवा आणि आज पुण्यात तो पहिला आहे.

यातला थोडा घोळ आपल्या भाषेनेच घातलाय. दाताला 'कीड' लागते असं आपण म्हणतो, आणि कीड म्हटली की ती शोधायची, कोरायची, उपटून फेकायची. भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातले किडे पाडून दाखवणारे लोक आपल्या आज्या-पणज्यांनी पाहिलेत. पियेर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ मध्येच किड्याची कल्पना नाकारली, पण कोरण्याची सवय काही गेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत जी. व्ही. ब्लॅक यांनी नियम घालून दिला, की किडीच्या पलीकडचा थोडा निरोगी भागही कोरून घ्यावा, म्हणजे पुढे तिथे कीड धरणार नाही. त्यांच्या काळी त्यात तथ्य होतं. भरायला हाताशी होती ती चांदी, आणि चांदी दाताला चिकटत नाही. ती अडकून बसावी म्हणून खोबण मुद्दाम खोल आणि तळाशी रुंद करावी लागे. मग १९५७ मध्ये हवेच्या दाबावर फिरणारं एअरोटर आलं, मिनिटाला तीन लाखांहून जास्त फेरे घेणारं. कोरणं सोपं झालं, आणि जे सोपं होतं ते वाढतंच.

प्रत्यक्षात दाताचं किडणं म्हणजे रोजचा जमाखर्च. आपण गोड किंवा पिठूळ काही खाल्लं की दातावरचे जंतू त्याचं आम्ल करतात. तोंडातला सामू, म्हणजे पीएच, साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या वरच्या कवचातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळायला लागतं. हा झाला खर्च. मग अर्ध्या-एक तासात लाळ ते आम्ल निवळवते आणि गेलेली खनिजं पुन्हा दातात बसू लागतात. ही झाली जमा, आणि फ्लोराइड असलं की ती जमा जास्त पक्की होते. महिनोन् महिने खर्च जमेपेक्षा जास्त राहिला की आधी खडूसारखा पांढरा ठिपका दिसतो. त्या ठिपक्यापर्यंत सगळं परतवता येतं. पुढे कवच कोसळतं आणि भोक पडतं. सिमेंटने ते भोक बुजतं, पण खातं तसंच तोट्यात राहतं. म्हणूनच एक दाढ भरून आणलेलं मूल वर्षभरात दुसरी दाढ घेऊन त्याच खुर्चीत येतं.

गोडाचा विषय निघालाच आहे तर पुण्याने जरा खाली मान घालावी. शिवाजीनगरला साखर संकुल, मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. अख्ख्या राज्याच्या साखरेचा कारभार या शहरातून चालतो. तरी मुलांच्या दातांचा खरा शत्रू लाडू-करंजी नाही. एकदा बसून चार लाडू खाणाऱ्या मुलापेक्षा दिवसभर बिस्कीट कुरतडणाऱ्या मुलाचे दात जास्त धोक्यात असतात, कारण दर वेळी तो अर्ध्या-एक तासाचा खर्च नव्याने सुरू होतो. हे आपल्याला कळलं ते १९४५ ते १९५५ या काळात स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म या संस्थेत झालेल्या प्रयोगांतून. बौद्धिक अपंगत्व असलेल्या तिथल्या रहिवाशांना चिकट टॉफ्या चारून त्यांचे दात किडताना पाहिले गेले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवलेलं बाळ पाहिलं की मला ती माणसं आठवतात. त्यांच्या दातांच्या मोलाने मिळालेलं हे शहाणपण आपण वापरतसुद्धा नाही.

तर ते काळं औषध. त्याचं नाव सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड. जपानमध्ये ते १९७० पासून वापरात आहे. त्यातली चांदी जंतू मारते, फ्लोराइड दात टणक करतं आणि अमोनियामुळे द्रव टिकून राहतो. नेहमी वापरतात ते ३८ टक्क्यांचं, आणि एका थेंबात चार-पाच दात होतात. वर्षातून दोनदा लावलं तर दुधाच्या दातांतली दहापैकी सात-आठ ठिकाणची कीड थांबते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये त्याला दात शिवशिवण्यावरचा उपाय म्हणून वाट दिली आणि तिथले दंतवैद्य ते किडीसाठी वापरू लागले. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते घातलं. आपल्याकडेही मिळतं. काळा पडतो तो फक्त किडलेला भाग, चांगलं कवच पांढरंच राहतं. ओठाला किंवा गालाला लागलं तर तो डाग एक-दोन आठवड्यांत निघतो.

आत्याला द्यायचं उत्तर इथे आहे. कीड थांबली हे सांगून जात नाही, पण दाखवून जाते. चालू कीड मऊ, ओलसर, पिवळट-तपकिरी असते, अवजार टेकवलं की रुतते. थांबलेली काळी आणि टणक असते, अवजार घसरतं. खरं तर आत्याला काळ्या दाताचं एवढं नवल वाटायला नको होतं. तिच्याच आजीच्या पिढीतल्या सवाष्ण बायका दातवण लावून दात मुद्दाम काळे करत आणि ते शोभेचं मानलं जाई. जपानमध्येही लग्न झालेल्या बायका लोखंडाच्या द्रावणाने दात काळे करत. त्या प्रथेला ओहागुरो म्हणत. पांढऱ्याशुभ्र दातांचा हट्ट तसा हल्लीचाच, आणि टूथपेस्टच्या जाहिरातींनी तो पोसलाय.

पण औषध म्हणजे जादू नव्हे. खड्डा बुजत नाही, त्यात घास अडकत राहतो. कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचली असेल, रात्री ठणका लागत असेल, हिरडीवर पुळी आली असेल, तर या द्रवाचा उपयोग नाही, तिथे रूट कॅनल नाहीतर दात काढणं. चांदीची ॲलर्जी असलेल्यांना ते चालत नाही. खड्डा बुजवायचाच असेल तर त्यालाही मशीन लागत नाही. १९८०च्या दशकाच्या मध्यावर टांझानियात, जिथे वीज नव्हती आणि यंत्रंही नव्हती, तिथे यो फ्रेन्केन या डच दंतवैद्याने हाताच्या अवजारांनी मऊ कीड खरवडून वर ग्लास आयोनोमर सिमेंट भरायची पद्धत बसवली. हे सिमेंट दाताला स्वतःच चिकटतं, म्हणून खोबणीची उठाठेव नाही. स्कॉटलंडमध्ये नॉर्ना हॉल या दंतवैद्य बाईंनी त्याहून धीट गोष्ट केली. किडलेल्या दुधाच्या दाढेला काहीही न कोरता, सुई न टोचता, त्यांनी वरून तयार स्टीलची टोपी दाबून बसवायला सुरुवात केली. आत कीड तशीच.

हे वाचून मला आधी शहारा आला होता. कीड आत ठेवून वर झाकण? पण आत कोंडलेल्या जंतूंना साखर पोचत नाही, ते उपाशी पडतात. स्कॉटलंडमध्येच १३२ मुलांवर तुलना झाली. एकाच मुलाच्या एका दाढेला टोपी, दुसरीला नेहमीसारखं कोरून भरणं. पाच वर्षांनी टोपीच्या दाढांपैकी ३ टक्के गंभीरपणे बिघडल्या होत्या, कोरून भरलेल्यांपैकी १६.५ टक्के. आता मोठ्यांच्या दातांतही, नसेजवळची मऊ कीड शेवटच्या कणापर्यंत खरवडू नये, वरचं सील पक्कं ठेवावं, असंच दंतशास्त्र म्हणतं.

माझ्या बाजूला अडचणीची वाटणारी गोष्टही सांगते. ब्रिटनमध्ये ३ ते ७ वर्षांच्या ११४४ मुलांचे तीन गट करून सुमारे तीन वर्षं पाहिलं. एका गटात कोरणं-भरणं, दुसऱ्यात कीड आत बंद करणं, तिसऱ्यात फक्त घासणं, फ्लोराइड आणि खाण्याचा सल्ला. तिन्ही गटांत दहापैकी सुमारे चार मुलांना केव्हातरी दुखलं किंवा जंतुसंसर्ग झाला, आणि तिन्हींत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. म्हणजे कीड एकदा धरली की कोणताच उपाय पुरा पडत नाही. मान्य. पण मग कोरून भरण्याचा निकालही बाकी दोघांपेक्षा बरा नसेल, तर आवाज, सुई आणि भूल यांनी सुरुवात कशासाठी करायची?

"ही गरिबांची ट्रीटमेंट आहे हो," असं एक ओळखीचे दंतवैद्य मला म्हणाले. टांझानिया म्हटलं की असं वाटतं खरं. स्कॉटलंडला तेच लागू करायला ते तयार नव्हते. दुसरं वाक्य बहुतेक घरांत ऐकू येतं: दुधाचेच दात, पडणारच आहेत. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. तिसऱ्या वर्षी किडलेली दाढ म्हणजे आणखी सात ते नऊ वर्षांचं चावणं, झोप आणि शाळा. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमाराला शेवटच्या दुधाच्या दाढेमागे कायमची पहिली दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून तीही दुधाचीच समजली जाते आणि किडत राहते. ती गेली की गेली.

मग सौम्य उपाय कुणी सांगत का नाही? दंतवैद्यांना शिव्या घालणं सोपं आहे. पण खाजगी कॉलेजची फी भरून बाहेर पडलेला मुलगा खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रे यांचे हप्ते फेडत असतो आणि बिल होतं ते कामाचं: कोरलं, भरलं, कॅप बसवली. थांबलेल्या किडीचं बिल कसं करायचं? हे आपल्याही हातात आहे. तपासणीला आणि सहा महिन्यांनी पुन्हा पाहण्याला पैसे लागतात हे पुणेकराने स्वीकारायला हवं. "नुसतं बघितलं त्याचे एवढे?" हा आपला लाडका प्रश्न पुष्कळ दात कोरायला लावतो. आणि काळ्या डागांना घाबरून पालक नकोच म्हणतील असं डॉक्टरांनी परस्पर ठरवू नये. पुढच्या दातांचं वाईट वाटेल, तर मागच्या दाढांना लावा आणि पुढे सिमेंट भरा. निवड पालकांची, पण आधी ती समोर तरी यायला हवी.

एक भीती दुसऱ्या बाजूचीही आहे. मशीन नको म्हटलं की लवंगतेल, तेलाच्या गुळण्या आणि 'केमिकल-फ्री' मंजनवाले लगेच दाराशी उभे. लवंगतेलाने ठणका घटकाभर बधिर होतो, कीड चालूच राहते. लहान मुलांसाठी फ्लोराइड नसलेल्या महागड्या पेस्ट आपल्या सोसायट्यांत कौतुकाने आणल्या जातात. आपल्याकडे कायद्यानेच टूथपेस्टमध्ये फ्लोराइड १००० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत हजार भागांपेक्षा, जास्त चालत नाही. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी पेस्ट, दिवसातून दोनदा, रात्रीची तर नक्कीच. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडमध्ये भूजलातल्या जादा फ्लोराइडने दात पिवळे-तपकिरी झालेत हे खरं, पण ती गोष्ट रोज पोटात जाणाऱ्या पाण्याची आहे. घासून थुंकायच्या वाटाण्याची नव्हे. बोअर किंवा टँकरवर असलेल्या सोसायटीने पाणी तपासून घ्यावं, तेवढं पुरे.

दिवाळीनंतर महिन्याभराने आत्याचा फोन आला. रक्तदाबाच्या गोळ्यांनी तिचं तोंड कोरडं पडतं, हिरड्या मागे सरकल्यात आणि उघड्या पडलेल्या मुळांना कीड लागलीय. म्हातारपणी कीड बहुतेक अशीच मुळांशी लागते, आणि तिथे मशीन धरणं डॉक्टरांनाही कठीण जातं. तोच द्रव तिथेही चालतो. "मागच्या बाजूला लावतात ना? मग चालेल," ती म्हणाली. जिना उतरू न शकणारे पेन्शनर पेठांतल्या प्रत्येक वाड्यात आणि प्रत्येक इमारतीत आहेत. त्यांच्या पलंगापाशी खुर्ची आणि कॉम्प्रेसर नेता येत नाही, बाटली आणि ब्रश नेता येतात.

पण मला सगळ्यात जास्त आशा वाटते ती अंगणवाडीबद्दल. दंत परिषदेच्या २००२-०३ च्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांच्या निम्म्याहून जास्त मुलांच्या दातांना कीड निघाली होती. २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, तोही महाराष्ट्रातूनच, पालघरहून. त्याची फिरती पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. तपासायच्या आजारांच्या यादीत दंतक्षय आहे. पण पथक काय करतं? कीड दिसली की पुढच्या दवाखान्याची चिठ्ठी देतं. जनता वसाहतीतली किंवा येरवड्यातली धुणीभांडी करणारी आई न दुखणाऱ्या दुधाच्या दातासाठी चार घरांचे खाडे करून रांगेत का उभी राहील? दुखायला लागेल तेव्हा जाईल, आणि तेव्हा द्रवाची वेळ गेलेली असेल.

अंगणवाडीत पथक वर्षातून दोनदा येतं. औषधही वर्षातून दोनदाच लावायचं असतं. एवढा सरळ मेळ सरकारी कामात क्वचित बसतो. चिठ्ठीऐवजी तिथल्या तिथे, सतरंजीवर बसवून, थेंब टेकवता येईल. लागतं काय? कापूस, हातमोजे, ब्रश, बॅटरी आणि आईची संमती. काळे डाग पडलेल्या दाताचा फोटो तिला आधी दाखवलाच पाहिजे, नाहीतर दुसऱ्या दिवशी अंगणवाडी सेविकेलाच शिव्या खाव्या लागतील.

लावणार कोण, हा खरा अडसर. आपला दंतवैद्यकीचा कायदा नोंदणी नसलेल्यांना हे काम करू देत नाही. न्यूयॉर्कच्या शाळांमध्ये हजारो मुलांवर पाहिलं तेव्हा नर्सने लावलेला द्रव दंत-प्रशिक्षितांनी लावलेल्याइतकाच कामी आला. तेव्हा तो नियम सैल करण्यावर बोलायला हरकत नाही. पण पुण्याला तोवर थांबायचं कारण नाही. धनकवडीला, वडगावला, कॅम्पात, पिंपरीला दंतमहाविद्यालयं आहेत आणि बीडीएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शेवटी एक वर्ष इंटर्नशिप करावीच लागते. महापालिकेने या कॉलेजांशी करार करावा, प्रत्येकाला वॉर्ड वाटून द्यावेत, पथकाच्या ठरलेल्या तारखेला दोन इंटर्न आणि एक शिक्षक सोबत जावेत आणि कुणाच्या कोणत्या दाताला औषध केव्हा लावलं याची नोंद अंगणवाडीच्या वहीत राहावी. धनकवडीहून कात्रजच्या वस्तीतल्या अंगणवाडीपर्यंत जायला पीएमपीची एक बस पुरते.